सोसायटीच्या कुंपणालगत झाडे लावायची आहेत : दोन रोपांत अंतर किती ठेवावे?

गच्चीवरचा (धागाकर्ता)

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला आहे. इमारतीच्या पश्चिम अंगाला, कुंपणाची भिंत आणि गाड्यांची वाट यांच्यामध्ये सुमारे १२० फूट लांब आणि ९ फूट रुंद अशी मातीची पट्टी आहे. मलवाहिनी बदलण्याच्या कामात तेथली जुनी झुडपे निघून गेली आणि तेव्हापासून ती जागा उजाड पडली आहे. यंदाच्या पावसाळ्यात तेथे झाडे लावावीत असे सभेत ठरले आणि ते काम माझ्याकडे आले.

ज्या रोपवाटिकेकडून आम्ही अंदाजपत्रक मागवले, तिने दर ३ फुटांवर एक याप्रमाणे ४० झाडे आणि त्यांच्यापुढे झुडपांची एक सलग ओळ सुचवली आहे. एका सदस्यांना आसुपालवाची सरळ रांग हवी आहे, ज्येष्ठ मंडळींचा आंब्यासाठी आग्रह आहे, तर तरुणांपैकी काहींना मियावाकी पद्धतीचे दाट रान हवे आहे. पट्टीच्या उत्तर टोकाला शेवटच्या १५ फुटांत पिण्याच्या पाण्याची भूमिगत टाकी आहे. दक्षिण टोकापासून मोजले तर ४० आणि ८० फुटांवर मलवाहिनीची चेंबरे आहेत. सकाळी आमच्याच इमारतीची सावली असते, दुपारी तीननंतर शेजारच्या सात मजली इमारतीमुळे ऊन जाते, दक्षिण टोक मात्र बराच वेळ उघडे असते.

झाडांची नावे सुचवलीत तर उत्तमच, पण माझा मुख्य प्रश्न अंतराचा आहे. ३ फूट, १० फूट आणि २० फूट अशी तिन्ही उत्तरे मला जाणत्या माणसांकडूनच मिळाली आहेत. यांपैकी कोणते धरावे, आणि का?

मूळपुरुष

तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ती वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. ३ फूट हे झुडपांचे अंतर आहे, १० फूट हे लहान झाडाचे आणि २० फूट हे मध्यम झाडाचे. वड, पिंपळ, पर्जन्यवृक्ष यांना ३० फूटसुद्धा कमी पडतात. रोप येते तेव्हा ते कमरेएवढे असते आणि दोन रोपांमधली मोकळी जागा बघणाऱ्याच्या डोळ्यांना सलते, म्हणून अंतर बहुतेक वेळा रोपाकडे पाहून ठरवले जाते. ते ठरवायला हवे पंधरा-वीस वर्षांनंतरच्या फांद्यांच्या विस्ताराकडे पाहून. शेजारी लावायच्या दोन झाडांच्या पूर्ण विस्तारांची बेरीज करावी आणि तिच्या निम्मे अंतर ठेवावे. फांद्या थोड्या एकमेकांत मिसळलेल्या चालणार असतील, तर त्यातून पाचवा हिस्सा कमी करता येतो.

दुसरा हिशेब मातीचा आहे आणि शहरात तोच अधिक महत्त्वाचा ठरतो. झाडाची बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत पसरतात आणि फांद्यांच्या टोकांच्याही पलीकडे जातात. सोटमूळ खोल जाते हे खरे असले, तरी भरावाच्या जमिनीत त्याला तशी वाट क्वचितच मिळते. तुमच्या पट्टीला एका बाजूने भिंतीचा पाया आणि दुसऱ्या बाजूने वाटेखालची ठोकून बसवलेली खडी आहे, म्हणजे मुळांना धावायला लांबीचीच दिशा उरते. ३ फूट खोल माती धरली, तर २० फुटांवर लावलेल्या झाडाच्या वाट्याला ५४० घनफूट माती येते, १० फुटांवर २७०, आणि रोपवाटिकेच्या आराखड्याप्रमाणे ३ फुटांवर लावलेल्या झाडाला फक्त ८१. एवढ्या मातीत झाड लगेच मरत नाही, आणि म्हणूनच हा दोष पहिली काही वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. झाड उजेडाकडे उंच आणि किडकिडीत वाढत जाते, खालच्या फांद्या झडतात, शेंडा जड होतो आणि बुंधा मात्र बारीकच राहतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने मुंबईत जी झाडे मुळांसकट आडवी झाली, त्यांच्यापैकी काहींच्या बुंध्याखाली चिकटलेला मातीचा थर ज्यांनी जवळून पाहिला असेल, त्यांना हे अधिक सांगायला नको.

आसुपालवाबद्दल एवढेच म्हणेन की त्याची लोंबत्या फांद्यांची जात अरुंद वाढते, त्यामुळे ती ५-६ फुटांवर लावता येते. पण सावली हवी असेल, तर ती त्या रांगेकडून मिळणार नाही.

हापूसवाला

बाग रत्नागिरीजवळ आणि राहणे दहिसरला, त्यामुळे अंतराचा हिशेब मी गुंठ्यात करतो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. हापूसच्या जुन्या बागा १० मीटर बाय १० मीटरवर लावलेल्या असतात आणि १० मीटर म्हणजे जवळजवळ ३३ फूट. गुंठ्याला एक कलम, एकराला ४०, असा तो सोपा हिशेब आहे. तुमची अख्खी पट्टी १,०८० चौरस फूट भरते. जुन्या मापाने तीत एक आंबा बसायला हवा, पण ९ फूट रुंदीत ३३ फुटांचा विस्तार मावणार नाही, म्हणजे तो एकही बसत नाही. हल्ली ५ मीटर बाय ५ मीटरवर घन लागवड करतात हे मला ठाऊक आहे, परंतु तेथे फळे उतरवल्यावर दर वर्षी छाटणी होते आणि ती जाणता माणूसच करतो. सोसायटीत पहिली दोन वर्षे उत्साहाने छाटणी होईल, पुढे होणार नाही. शिवाय मोहोरावर तुडतुडे आले की त्यांचा चिकटा खाली उभ्या असलेल्या गाड्यांवर पडतो आणि मग ज्येष्ठांचा आंबा हा सभेतला कायमचा विषय होऊन बसतो.

बागेतला एक रिवाज मात्र तुम्ही घेण्यासारखा आहे. कलमे दूर दूर लावली म्हणून आम्ही मधली जागा ओकीबोकी ठेवत नाही. पहिली काही वर्षे तेथे केळी, पपई, अननस, भाजीपाला असे आंतरपीक असते. कलमांची सावली वाढली की ते आपोआप मागे पडते. पट्टी रिकामी दिसते ही सदस्यांची तक्रार असेल, तर तिच्यावर हा उपाय आहे. त्यासाठी कायमच्या झाडांमधले अंतर कमी करण्याची गरज नाही.

दाट रान

येथे सर्व जण विरळ लागवडीच्या बाजूने बोलत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) यांच्या पद्धतीत एका चौरस मीटरमध्ये तीन ते पाच रोपे लावतात. ही रोपे त्या प्रदेशातल्या मूळच्या जातींची आणि उंच, मध्यम, बुटकी व झुडूपवर्गीय अशा सर्व थरांतली असावी लागतात. रोपे उजेडासाठी चढाओढ करत भराभर वाढतात, जमीन लवकर झाकली जाते, तण आटोक्यात राहते आणि दोन-तीन वर्षांनंतर वेगळी निगा फारशी लागत नाही. मुंबई महापालिकेनेही शहरातल्या अनेक भूखंडांवर अशी रोपवने केली आहेत. धागाकर्त्यांची पट्टी सुमारे १०० चौरस मीटर आहे, म्हणजे तीत निदान ३०० रोपे बसतील. धूळ आणि आवाज अडवण्याच्या दृष्टीने या हिरव्या भिंतीची बरोबरी पाच-सहा सुट्या झाडांना करता येणार नाही.

मूळपुरुष

'दाट रान' यांनी मांडलेली पद्धत खरी आहे, मात्र तिच्यामागचा हेतू वेगळा आहे. मियावाकींना झाडे वाढवायची नव्हती, रान उभे करायचे होते. रानात लावलेल्यांपैकी बरीच रोपे पुढे चढाओढीत मरणार हे त्या पद्धतीत गृहीत धरलेले असते. मेलेले झाड तेथेच पडते, कुजते आणि उरलेल्यांच्या कामी येते. ९ फूट रुंदीच्या पट्टीत, जिच्या एका कडेला लोक गाड्या लावतात आणि दुसऱ्या कडेला शेजाऱ्यांच्या खिडक्या आहेत, तेथे हे होऊ देता येत नाही. दोन्ही बाजूंनी सतत कापत राहावे लागते आणि मग ते रान न राहता उंच वाढलेले कुंपण होते. मोकळा चौकोनी भूखंड असता, तर मीही कदाचित त्यांच्याच बाजूने बोललो असतो.

आणखी एक बाब येथे अजून कोणी मांडलेली नाही, आणि माझ्या मते या धाग्याचे उत्तर तिच्यातच आहे. शेतात किंवा वनखात्याच्या लागवडीत आधी दाट लावून नंतर विरळणी करणे हा सर्वमान्य मार्ग आहे. वनलागवडीत २ मीटर बाय २ मीटरवर हेक्टरी २,५०० रोपे लावतात ती सगळी मोठी होतील म्हणून नव्हे, तर सुरुवातीला सरळ वाढावीत आणि पुढे त्यांतली निवडक ठेवता यावीत म्हणून. मुंबईत हा मार्ग तुम्हाला सहजासहजी उपलब्ध नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ते झाड तुमच्या कुंपणात आहे किंवा तुम्हीच लावले आहे एवढ्याने त्यातून सुटका होत नाही. परवानगी मिळाली, तरी आपण हौसेने लावलेले आणि फुलणारे झाड 'दाटी झाली' म्हणून तोडा असे सभेत सांगायला कोण उभे राहणार आहे? म्हणून या शहरात कायमच्या झाडांचे पहिले अंतर हेच अखेरचे अंतर समजून खड्डे आखावेत. मधली जागा भरायची असेल, तर 'हापूसवाला' यांनी सांगितल्याप्रमाणे ती केळ, कर्दळ, सोनटक्का, हळद अशा वनस्पतींनी भरावी, कारण त्यांना लाकडाचे खोडच नसते आणि त्या कधीही उपटता येतात. सुबाभूळ किंवा गिरिपुष्प लवकर वाढते म्हणून तात्पुरते लावा असे कोणी सुचवले, तर मात्र ऐकू नका. तात्पुरते म्हणून आलेली ही दोन झाडे शहरातून जायला तयार नाहीत.

निवृत्त अभियंता

झाडांच्या जातींविषयी मी बोलणार नाही, तो माझा विषय नव्हे. जागेविषयी मात्र काही गोष्टी सांगणे आवश्यक वाटते.

पिण्याच्या पाण्याच्या टाकीपासून १५ फुटांच्या आत कोणतेही झाड लावू नये. टाकीवरच्या भागात उथळ मुळांची फुलझाडे किंवा कुंड्या ठेवाव्यात, आणि झाकणाभोवतीची जागा मोकळी ठेवावी, कारण टाकी साफ करणारी माणसे तेथूनच उतरतात. मलवाहिनीच्या चेंबरपासून निदान ६ फूट आणि शक्य असल्यास ८-१० फूट दूर राहावे. वाहिनीचा जोड पक्का असेल तर मुळे तो फोडून आत शिरत नाहीत, पण जोडातून ओल झिरपत असेल तर तिच्या मागावर ती हमखास येतात. खणण्यापूर्वी गॅसची वाहिनी आणि विजेची केबल कोठून गेली आहे हे नकाशावर पाहून घ्यावे आणि जमिनीवर चुन्याने आखावे. अग्निशमन दलाची गाडी ज्या वाटेने येणार, त्या वाटेवर पुढे खाली झुकतील अशा फांद्या पहिल्यापासूनच वाढू देऊ नयेत.

सर्वांत आधी एक साधी परीक्षा करा. पट्टीत तीन ठिकाणी दोन फूट खोल खड्डे घ्या, ते पाण्याने भरा, पाणी जिरले की पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी ते किती वेळात जिरते ते पाहा. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसत असेल, तर मुंबईच्या जुलैमध्ये ते झाड हौदात उभे राहणार आहे.

गच्चीवरचा (धागाकर्ता)

'निवृत्त अभियंता' यांनी सांगितल्याप्रमाणे खड्डे घेऊन पाहिले. दक्षिण टोकाला दोन फुटांपर्यंत माती आणि पिवळसर मुरूम लागला आणि दुसऱ्यांदा भरलेले पाणीही दुपारपर्यंत जिरले. मधल्या खड्ड्यात सुमारे १४ इंचांवर पहार खणकन वाजली. खाली फरशांचे तुकडे, पेव्हर ब्लॉकचे कोपरे आणि सिमेंटचे घट्ट झालेले गोळे निघाले, त्यांत एका गोण्याची विणसुद्धा तशीच उमटलेली होती. त्या खड्ड्यात पाणी दुसऱ्या सकाळीही तसेच होते. उत्तरेकडच्या खड्ड्यात या दोहोंच्या मधली स्थिती आहे. म्हणजे मलवाहिनीच्या कामाचा राडारोडा तेथेच पुरून वर लाल मातीचा थर पसरलेला दिसतो. आता प्रत्येक झाडापुरता तीन फुटांचा खड्डा खणून त्यात चांगली माती भरली, तर पुरेल का?

मूळपुरुष

तसे करू नका. घट्ट भरावात सुटा खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती घातली, की आजूबाजूचे पाणी त्याच खड्ड्यात येऊन साचते आणि बाहेर जायला त्याला वाट नसते. मुळेही त्या मऊ मातीतच गोल फिरत राहतात, कारण बाहेरची भिंत त्यांना भेदता येत नाही. त्याऐवजी पट्टीच्या लांबीने एक सलग चर खणा. ती निदान ४ फूट रुंद आणि अडीच-तीन फूट खोल असावी, आणि तळाला दक्षिणेकडे थोडा उतार द्यावा, कारण पाणी तिकडेच जिरते आहे. टाकीपासूनचे ५-६ फूट, चेंबरांच्या लगतची जागा आणि भिंतीच्या पायाजवळची दीड-दोन फूट जागा यांना हात लावू नका. खणण्याचा खर्च वाढेल, परंतु तो भरून काढायला ४० ऐवजी ५ झाडेच विकत घ्यायची आहेत हे समितीला सांगता येईल.

चर भरताना विकतच्या लाल मातीवर सगळा भार टाकू नये. गोणीतून येणारी ती माती बहुधा बारीक असते आणि तीत सेंद्रिय अंश फारसा नसतो. पाऊस पडला की ती आवळून बसते. खणून निघालेली माती चाळून राडारोडा बाजूला काढावा, उरलेल्या मातीत लाल माती आणि तिच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढे नीट कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत मिसळावे. खत याहून जास्त घातले तर ते पुढे कुजून खाली बसते आणि झाड त्यासोबत खाली जाते. थोडी निंबोळी पेंड घातली तर उत्तम. शहरातल्या भरावात पुरलेले लाकूड असते आणि तेथे वाळवी असतेच. भरलेली चर आसपासच्या जमिनीपेक्षा सहा-नऊ इंच उंच ठेवावी. दोन पावसांत ती बसते.

हे काम मे अखेरपर्यंत उरकावे. मुंबईत नैऋत्य मोसमी वारे येण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. पहिल्या सरीला रोप लावण्याची घाई न करता, दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती हातभर खोल भिजेपर्यंत थांबावे आणि मग लावावे. जुलैअखेरपर्यंत लागवड पुरी झाली, तर पाऊस संपण्यापूर्वी मुळांना जमीन पकडायला दोन महिने मिळतात. ऑगस्टच्या पंधरवड्यानंतर लावलेले रोप थेट ऑक्टोबरच्या उन्हात सापडते.

पिशवीतले रोप

मी काही वर्षे एका रोपवाटिकेत काम केले आहे, म्हणून रोप निवडण्याबद्दल लिहिते. अंतराची एवढी चर्चा करून शेवटी बिघडलेले रोप आणले, तर त्या चर्चेचा उपयोग होणार नाही.

अंदाजपत्रकात बहुधा १०-१२ फूट उंचीची 'तयार' झाडे धरलेली असतील. ती घेऊ नका. पिशवीच्या मानाने खूप उंच असलेले रोप म्हणजे पिशवीत फार काळ राहिलेले रोप. चार-पाच फूट उंचीचे, बुंध्याशी जाड आणि वर निमुळते होत गेलेले रोप निवडा. काठी सोडवून पाहा. काठीशिवाय ते उभे राहिले पाहिजे. ज्यांना एकमेकांना खेटून ठेवून उंच केलेले असते, ती रोपे काठी सोडताच वाकतात. एखादे रोप पिशवीतून बाहेर काढून दाखवायला सांगा. हुंडीच्या, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, तळाशी जाड मुळांची चुंबळ झालेली दिसली, तर ते रोप स्वस्त मिळाले तरी परत ठेवा. अशी मुळे जमिनीत गेल्यावरही गोलच फिरतात आणि पुढे बुंधा जाड होऊ लागला की त्यालाच आवळतात. आठ-दहा वर्षांचे हिरवेगार झाड वादळाशिवाय एका सरीत कलंडते, त्यामागे पुष्कळदा हे कारण असते. मुळे नुकतीच वळायला लागलेली, बारीक असतील, तर उपाय होतो: धारदार पात्याने हुंडीच्या तळाची इंचभर चकती कापून टाकावी आणि बाजूने चार उभे छेद द्यावेत.

लावताना पिशवी पूर्ण काढावी. मुळे बाहेर पडतील या आशेने ती नुसती फाडून खड्ड्यात ठेवलेली मी फार वेळा पाहिली आहे. हुंडी फुटू देऊ नये. पिशवीत वरची पहिली जाड मुळे पुष्कळदा दोन-तीन इंच मातीखाली गेलेली असतात, म्हणून वरची माती बोटांनी बाजूला करून बुंधा जेथे रुंदावून मुळे फुटतात ती जागा शोधावी आणि ती जमिनीच्या पातळीत, किंबहुना बोटभर वर ठेवावी. भराव खाली बसणार आहे हे ध्यानात घेता थोडे उंच लावलेले बरे. खोल लावलेल्या रोपाची साल ओलीत कुजते आणि ते कशाने गेले हे कोणालाच कळत नाही. कलम असेल तर जोड मातीच्या वर, स्वच्छ दिसेल असा राहावा.

मूळपुरुष

आता धागाकर्त्यांच्या पट्टीचा आराखडा मांडतो. दक्षिणेकडून १०, ३०, ५०, ७० आणि ९० फुटांवर अशी पाच झाडे बसतात. ४० आणि ८० फुटांवरची चेंबरे दोन झाडांच्या बरोबर मध्ये येतात आणि शेवटचे झाड टाकीपासून १५ फुटांवर राहते. ११० फुटांवर सहावे झाड कागदावर बसते, पण ते टाकीवर येईल, म्हणून सोडून द्यावे.

दक्षिण टोकाला बहावा लावावा. त्याला ऊन लागते आणि तुमच्याकडे ते तेथेच आहे. ३० फुटांवर ताम्हण, जे आपले राज्यपुष्प आहे आणि पावसाळी ओलही सोसते. ५० फुटांवर बकुळ. ती सावकाश वाढते, परंतु तिची सावली दाट असते आणि छाटणीही ती मानवून घेते. ७० आणि ९० फुटांवर सीता अशोक. त्याला अर्धवट सावली चालते, आणि इमारतींच्या मधल्या बोळात इतका देखणा फुलोरा देणारी झाडे थोडी आहेत. सोनचाफ्याची मागणी कोणी ना कोणी करणारच, मात्र त्याला साचलेले पाणी खपत नाही, म्हणून मधल्या भागात तो लावू नये. गुलमोहर आणि सोनमोहोर दिसायला कितीही चांगले असले, तरी त्यांच्या फांद्या ठिसूळ असतात आणि खाली गाड्या आहेत.

झुडपांचे अंतर त्यांच्याकडून काय हवे त्यावर ठरते. कुंतीचे दाट कुंपण करायचे असेल तर दीड फूट. तीच कुंती मोकळी वाढू द्यायची असेल तर ४-५ फूट. तगर आणि जास्वंद ४ फुटांवर, अडुळसा ३ फुटांवर ठेवावा. पारिजातक झुडूप म्हणून विकला जातो, पण त्याला ८-१० फूट लागतात, म्हणून या पट्टीत एकच लावावा. दोन ओळी करायच्या असतील तर दुसऱ्या ओळीतले रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मध्ये येईल अशी त्रिकोणी मांडणी करावी. तेवढ्याच अंतराने तेवढ्याच जागेत चौरस मांडणीपेक्षा साधारण १५ टक्के अधिक रोपे बसतात आणि मधल्या फटीही झाकल्या जातात. झाडाच्या बुंध्यापासून तीन-साडेतीन फुटांच्या आत पहिली दोन वर्षे कोणतेही झुडूप नको, कारण एप्रिलमध्ये त्याच पाण्यावर दोघांचा डोळा असतो. पिवळी कण्हेर फुकट मिळाली तरी लहान मुले खेळतात तेथे लावू नये. तिचे सगळेच भाग विषारी आहेत.

दाट रान

या पट्टीपुरते माझे म्हणणे मी मागे घेतो. तरीही झुडपांचा थर भरघोस ठेवावा असे सुचवेन. कुंती आणि कढीपत्ता असले तर लिंबूवर्गीय झाडांवर वाढणारी फुलपाखरे येतील, आणि बहाव्याच्या कोवळ्या पानांवर अळ्या दिसल्या तर औषध फवारण्याची घाई कोणी करू नये.

गच्चीवरचा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. पाच झाडांचा आराखडा समितीपुढे ठेवला आणि थोड्या कुरबुरीनंतर तो मान्य झाला. आंब्याच्या बदल्यात ज्येष्ठांना बकुळीच्या पाराचे आश्वासन द्यावे लागले. आता दोन प्रश्न उरतात. आधाराच्या काठ्या किती काळ ठेवाव्यात, आणि उन्हाळ्यात पाणी किती द्यावे?

पिशवीतले रोप

काठ्या दोन घ्या आणि त्या हुंडीत न खुपसता तिच्या दोन्ही बाजूंना, बाहेर ठोका. रोपाच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांशावर, जुन्या सुती कापडाच्या पट्टीने सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा बंध घाला. वर घट्ट बांधलेले रोप वाऱ्यात हलत नाही आणि न हलणाऱ्या बुंध्याला जाड होण्याचे कारण उरत नाही. पुढचा पावसाळा सुरू झाला की एक काठी काढून पाहावी, आणि रोप सरळ राहिले तर दुसरीही काढावी. तारेचा किंवा प्लास्टिकच्या दोरीचा बंध विसरून राहिला तर तो सालीत रुततो. पाराचे मात्र जपून करा. सिमेंटचा पार बुंध्याला खेटून बांधला आणि आत माती चढवली, तर वर सांगितलेली खोल लावण्याची चूक तुम्ही पाच वर्षांनी कराल. कडेला सुटे दगडी बाक ठेवले तरी बसायची सोय होते.

हापूसवाला

मुंबईत जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर पडतो, त्यामुळे पुढचे आठ महिने रोप तुमच्यावर अवलंबून आहे. बुंध्यापासून दीड-दोन फूट दूर गोल आळे करावे आणि पावसाळ्यात ते एका बाजूने फोडून ठेवावे. ऑक्टोबरपासून आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी एका झाडाला १५ ते २० लिटर पाणी सावकाश द्यावे. रोज पाइपने शिंपडलेले थोडे थोडे पाणी वरच्या दोन इंचांत राहते आणि मुळेही मग तेथेच राहतात. आळ्यात सुक्या पानांचे तीन-चार इंच आच्छादन घालावे, बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडून. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा आणि तिसऱ्यात दहा-बारा दिवसांतून एकदा पाणी दिले तरी चालते. बोअरचे पाणी देणार असाल तर ते मचूळ नाही ना, हे आधी पाहा. नांग्या पडल्या, म्हणजे रोपे मरून जागा रिकाम्या झाल्या, तर त्या पुढच्या जुलैत, त्याच जागी, त्याच अंतरावर भराव्यात. पाच झाडांना आठवड्याला साधारण २०० लिटर पाणी लागते. ते कोठून येणार आणि कोण घालणार, याचा ठराव याच सभेत करून इतिवृत्तात लिहून घ्या, कारण एप्रिलमध्ये टँकर सुरू झाले की पहिली कपात झाडांच्या पाण्यातच होते.